खुर्चीची गादी शिवायला बसताय? आधी खुर्ची मोजा

मी अमळनेरची, प्रताप मिलच्या गावची. घरी गाद्या, उश्या, खुर्चीचे कव्हर, बंगईच्या (झोपाळ्याच्या) गाद्या शिवून देते, आठ वर्षं झाली आता. आधी ब्लाऊज, फॉल-पिको करायचे. आजकाल बऱ्याच मुली येतात आणि विचारतात, ताई मला ब्लाऊज येतो, मग गादी यायला किती दिवस लागतील? मशीन येत असेल तर हात बसायला महिनाभर पुरे, पण डोक्यातली एक सवय मोडावी लागते म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे.

ब्लाऊज शिवताना आपण लूज देतो. माणूस हात वर करतो, जेवतो, श्वास घेतो, म्हणून. फोमचं बरोबर उलटं असतं, फोमला कव्हर घट्ट लागतं, लूज दिला की आठवड्याभरात गादीवर सुरकुत्या पडतात आणि कोपरे कुत्र्याच्या कानासारखे लोंबतात. म्हणून तयार कव्हर फोमपेक्षा अर्धा इंच लहानच ठेवायचं. फोम 18 बाय 18 चा असेल तर कव्हर शिवून झाल्यावर साडेसतरा भरलं पाहिजे, म्हणजे दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा इंच दाब (शिलाईत जाणारं कापड) धरून कापड कापायचं साडेअठरा. हे एवढं कळलं ना की अर्धं काम आलं समजा.

आता मोजमाप. आपल्याकडच्या जुन्या सागाच्या खुर्च्या सुताराने हाताने केलेल्या, दिसायला सहाच्या सहा सारख्या पण टेप लावला की कळतं, एक पुढून 19 आणि मागून 17, दुसरी पुढून साडेअठरा, तिसरीचा हात थोडा आतच आलेला. त्यामुळे गिऱ्हाईक फोनवर सांगतं ना "अठराची आहे हो ताई", त्यावर कधीच कापू नका. जुना पेपर घेऊन जायचं, बैठकीवर पसरायचा, कडेने नखाने घडी दाबून उमटवायची, हाताचे खांब येतात तिथे खाच कापायची, आणि पेपरवरच लिहायचं पुढची बाजू कुठली, वरची बाजू कुठली, खुर्ची कितवी. खुर्चीच्या खाली पण खडूने तोच नंबर टाकून यायचं. मी हे एकदा केलं नव्हतं आणि सहा गाद्या घेऊन गेले तर कुठली कुठल्या खुर्चीची हे शोधण्यातच दुपार गेली, त्यात दोन तर खाच उलट्या बाजूला निघाल्या, त्या घरी आणून पुन्हा उसवल्या.

कापड. सुरतचं कापड आपल्याला जवळ पडतं, भुसावळ-सुरत लाईनवर गाडीत बसलं की झालं, आणि तिथे सोफ्याचं, पडद्याचं कापड मिळतं पण भरपूर. पण ते बरंचसं पॉलिस्टर असतं. दिसतं छान, आटत नाही, लवकर वाळतं, पण मे महिन्यात आपल्या खान्देशात पारा 44-45 ला जातो तेव्हा त्यावर दहा मिनिटं बसून दाखवा. पाठ चिकटते नुसती. म्हणून रोज बसायच्या खुर्चीला मी जाड सुतीच सांगते, केसमेंट किंवा पातळ कॅनव्हास. फक्त पाहुण्यांच्या खोलीतल्या खुर्च्या असतील तर मग वेल्व्हेट घ्या, काही हरकत नाही.

सुती घेतलं की कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची, मगच टेप लावायचा. इथे मी मोठी चूक केली आहे म्हणून कळवळून सांगते. पहिल्या वर्षी घाईत एका घरचे आठ कव्हर न भिजवता शिवले, दिसायला सुंदर झाले, ती बाई खूश, महिन्याने तिने धुतले आणि परत घालायला गेली तर फोम आत मावेना, घातला तर मधे फुगून वर आला पापडासारखा. आठच्या आठ मी पुन्हा शिवून दिले माझ्या पैशाने. तेव्हापासून न भिजवलेलं सुती कापड माझ्या मशीनवर चढत नाही.

रंगाचं पण बघा. रावेर-यावलकडची ऑर्डर असली की मी आधी विचारते की केळीच्या बागेतून आलेले लोक या खुर्च्यांवर बसणार का. केळीचा चीक लागला की लागला, वाळल्यावर तपकिरी डाग पडतो आणि मग कितीही घासा तो निघत नाही. तिथे क्रीम, पांढरा असले रंग नकोच. मेहंदी, कॉफी, मातकट घ्या.

कापड किती लागेल ह्याचा हिशोब एकदा बसून कागदावर करा, दुकानदाराला विचारू नका. सहा खुर्च्या, फोम 18 बाय 18, जाडी 2 इंच, कापडाचा पन्हा (रुंदी) 48 इंच असं धरा. एका ओळीत साडेअठराचे दोन तुकडे बसतात, म्हणजे एका गादीचे वरचा-खालचा दोन्ही निघाले, सहा ओळींना 111 इंच. बाजूला 11 इंचाची पट्टी उरते ती फेकायची नाही, तिच्यातच 3 इंच रुंदीच्या तीन लांब पट्ट्या निघतात, त्या गादीच्या पुढच्या आणि बाजूच्या उभ्या भागाला सहाच्या सहा गाद्यांना पुरतात. मग मागच्या चेनच्या पट्ट्यांना 12 इंच, पायपिंगच्या (कडेला दोरी भरून लावायच्या किनारीच्या) उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्ट्यांना साधारण 27-30 इंच, आणि नाड्या. आटणं धरून मी सव्वाचार मीटर घेते. डिझाईन जुळवायचं असेल, मोठी फुलं मधोमध आणायची असतील तर जास्त लागेल हे गिऱ्हाईकाला आधीच सांगून टाका.

फोम घेताना दाबून बघून घेऊ नका, नवीन असताना सगळेच मऊ लागतात. डेन्सिटी विचारा. बसायला किमान 32, आणि घरात वजनदार माणसं असतील, बंगई असेल तर 40 घ्या. ही डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, जास्त असली की फोम लवकर दबून चपटा होत नाही. आणि फोमवर आतून मांजरपाटाचं साधं कव्हर घालाच, वरचं धुवायला काढलं तरी फोम उघडा पडत नाही.

शिलाईला साधी घरची मशीन चालते, मी पण पायमशीनवरच सुरू केलं. केसमेंटला 16 नंबर सुई, कॅनव्हासचे चार थर आले की 18. टाका ब्लाऊजपेक्षा मोठा. चेन लावायला जो एका बाजूचा फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) मिळतो तो घ्या, पायपिंग त्यानेच दोरीला चिकटून बसते. चेन रोलमधून कापून घ्यायची, 5 नंबरची, आणि रनर (चेन उघडबंद करायचा सरकता भाग) आधीच घालून ठेवायचा, दोन्ही टोकं शिवून झाल्यावर आठवलं तर उसवण्याशिवाय गत्यंतर नाही. चेन फक्त मागच्या बाजूएवढी ठेवू नका, दोन्ही कोपऱ्यांवरून दोन-दोन इंच पुढे न्या, नाहीतर फोम आत जाताना भांडतो. माझी युक्ती अशी की फोम पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, सरकन आत जातो, मग पिशवी ओढून काढायची.

सगळ्यात जास्त रडवतो तो कोपरा. पायपिंगची पट्टी उरेबच कापायची, सरळ कापली तर वळत नाही. कोपऱ्याच्या अर्धा इंच आधी थांबायचं, पायपिंगच्या दाबाला तीन-चार बारीक कट मारायचे, टाक्याच्या दोऱ्यापर्यंत पण दोऱ्याला न लागता, मग कोपऱ्याच्या खुणेवर हाताने चाक फिरवून सुई कापडात खाली ठेवायची, फूट उचलायचा, कापड फिरवायचं, फूट खाली, आणि पुढचे पाच-सहा टाके पण हातानेच चाक फिरवून. मोटर असेल तरी. मी नवीन मुलीला आधी चिंधीवर वीस कोपरे करायला लावते, पूर्ण गादी त्यानंतर.

पैशाचं बोलायला आपल्या बायका लाजतात म्हणून स्पष्ट लिहिते. पायपिंग आणि चेनवाली एक गादी हात बसल्यावरही दीड-दोन तास घेते, त्यात मोजायला जाणं-येणं, कापड भिजवणं वेगळं. शेजारची म्हणते उशीच्या खोळीएवढे घे, तर तसं नाही करायचं. तुमच्या तासाचा दर ठरवा, दोरा-चेन-दोरीचा खर्च वेगळा मांडा आणि कापड-फोमचे पैसे आधी घ्या. मशीन घ्यायला पैसे नसतील तर पीएम विश्वकर्मा योजना बघा, 2023 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली, त्यातल्या 18 कामांमध्ये शिवणकाम आहे, ट्रेनिंगच्या दिवसांचे रोज 500 रुपये आणि सामानासाठी 15,000 चं व्हाऊचर असं तिचं स्वरूप आहे, एका घरातल्या एकालाच मिळते. चौकशी ग्रामपंचायतीत किंवा सीएससी (सरकारी ऑनलाइन कामांच्या) सेंटरवर करा.

कामाचा सीझन म्हणाल तर दिवाळी आहेच, पण आपल्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्याहून मोठी. लेकी माहेरी येणार, झोके बांधले जाणार, म्हणून बंगईच्या गाद्यांची ऑर्डर महिनाभर आधीच येते. बंगईच्या गादीला नाड्या चारही कोपऱ्यांना हव्यात आणि मधे पण दोन, कारण झोका जोरात गेला की गादी सरकते. नाडी वरून टाचून लावू नका, बाजूच्या शिलाईतच घालून दोनदा मशीन मारा. मागच्या आखाजीला एका आजींच्या बंगईची गादी घेऊन गेले, त्यांनी आधी नाड्या ओढून बघितल्या, मग कोपऱ्यावरून बोट फिरवलं, मग बसल्या आणि म्हणाल्या, "कितलं बेस जमनं वं माय." म्हणजे किती छान जमलं गं. आणि लगेच सुनेला सांगितलं, खुर्च्यांचा पण पेपर काढून दे हिला.