फोनवरच्या मशीनला तुमचं बोलणं कळत नाय?

गॅस म्हणा, बँक म्हणा, हल्ली फोन लावला की माणसाआधी मशीनच विचारतं, 'काय काम आहे सांगा'. तेव्हा मालवणच्या जेटीवर उभं राहून स्पीकरवर ओरडू नका, ओरडल्याने आवाज फाटतो आणि वाऱ्याची घरघर पण त्याच माईकमधून जाते. आडोशाला जा, स्पीकर बंद, फोन तोंडाजवळ. साध्या कॉलवर आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे पोचतो, त्यात स, श, फ पार पुसट होतात, म्हणून नुसतं 'बुकिंग' बोलण्यापेक्षा 'सिलेंडर बुक करायचाय' असं छोटं अख्खं वाक्य बोललेलं बरं, बाकीच्या शब्दांवरून मशीन अंदाज बांधतं. आकडे मात्र सुटे सुटे. रेल्वेचा पीएनआर १० आकडी, त्यात 'एकोणसाठ' वगैरे नको, पाच, नऊ असंच बोला. (एकोणसाठ म्हणजे किती ते आमच्या पोरांना पण विचारावं लागतं, मशीनचं काय घेऊन बसलात.)

बटण दाबायचा ऑप्शन दिला तर सरळ दाबा. प्रत्येक बटणाला दोन ठरलेल्या फ्रिक्वेन्सींचा टोन असतो, उच्चाराची भानगडच नाय. आणि पिन तर बटणानेच, एसटी स्टँडवर मोठ्याने वाचून दाखवू नका.