पाळणाघराची तपासणी : आदल्या दिवशीच्या आवराआवरीने सुटत नाहीत अशा चुका

तपासणीला कुणी येणार असं कळलं की पाळणाघरात दोन कामांची घाई सुटते. फरशी फिनाइलने पुसायची आणि राहिलेली रजिस्टरं भरायची. अग्निशमन दलाचा माणूस येवो, बडोदा महानगर सेवासदनाच्या, म्हणजे महापालिकेच्या, आरोग्य किंवा अन्न विभागाचा येवो, नाहीतर कंपनीच्या पाळणाघरात श्रम खात्याचा. फरशीवरच्या डागामुळे फारसं कुणाचं अडत नाही. अडतं ते बाहेर पडायच्या वाटेवर, पाण्यावर, बाळांच्या झोपण्याच्या जागेवर आणि औषधाच्या कपाटावर. नेमक्या याच चार ठिकाणी मुलांना इजा होते, त्यामुळे नजर तिथे जाणं रास्तच आहे.

मागच्या दाराचं कुलूप

मुलं पळून बाहेर जातील म्हणून मागच्या दाराला कुलूप असतं आणि किल्ली ऑफिसातल्या खिळ्यावर टांगलेली असते. सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत धोक्याची चूक हीच. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या तक्षशिला इमारतीत २२ विद्यार्थी गेले; आगीने जिना अडवला आणि उतरायला दुसरी वाट नव्हती. ती मुलं धावू शकत होती. आपल्याकडची निम्मी मुलं चालतही नाहीत.

कुलूप काढा. त्याजागी आतून साधारण ५ फुटांवर कडी बसवा, म्हणजे मुलाचा हात पोचणार नाही आणि मोठ्या माणसाला ती किल्लीशिवाय, एका हाताने उघडता येईल. एक हात म्हणण्याचं कारण, दुसऱ्या कडेवर बाळ असणार. खिडक्यांना पक्क्या जाळ्या असतील तर प्रत्येक खोलीतली किमान एक जाळी बिजागरीवर उघडणारी करून घ्या.

दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या वाड्यांत एकच अरुंद, चढा जिना असतो. अशा घरात न चालणारी बाळं वरच्या मजल्यावर ठेवूच नयेत. एक बाई एका खेपेला दोन बाळं उचलते. आठ बाळं आणि दोन बायका असतील तर दोन खेपा झाल्या, आणि धुराने भरलेल्या जिन्यावर दुसरी खेप होत नाही. जिन्याखाली स्कूटर, चपलांचं कपाट किंवा रिकामा सिलेंडर ठेवला असेल तर तो आजच हलवा.

सराव बहुतेक ठिकाणी सकाळी ११ ला होतो. तेव्हा सगळी मुलं जागी असतात. तो दुपारी २ वाजता, मुलं झोपलेली असताना करून पाहा. कोण कोणाला उचलणार, हजेरीचा कागद कोण बाहेर नेणार, बाहेर कुठे उभं राहून मुलं मोजायची, शेजारच्या कुठल्या घरातून कोण मदतीला येणार, हे ठरलंय की नाही ते तेव्हाच कळतं. लागलेला वेळ लिहून ठेवा. महिन्यातून एकदा पुरे, पण चुकवू नका.

अग्निशामक बाटली एबीसी पावडरची असावी. काटा हिरव्या पट्ट्यात, पिनेचं सील शाबूत, देखभालीची तारीख चालू वर्षाची. ती शेगडीच्या मागे टांगली तर आग लागल्यावर हातच पोचणार नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी, बाहेरच्या बाजूला लावा. ६ किलोची बाटली म्हणजे आतली पावडर ६ किलो, एकूण वजन १० किलोच्या आसपास भरतं. ज्या बेन (सांभाळणाऱ्या बायका) दिवसभर तिथे असतात त्यांना ती उचलता येते का, हे त्यांच्याकडून उचलवूनच बघा. जमत नसेल तर ४ किलोची घ्या.

गॅस सिलेंडरच्या कड्यावर एक अक्षर आणि वर्ष असतं. ‘सी २७’ म्हणजे जुलै ते सप्टेंबर २०२७ पर्यंत चाचणी वैध. ए, बी, सी, डी ही वर्षाच्या चार तिमाह्यांची खूण आहे. मुदत संपलेला सिलेंडर उतरवून घेऊ नका. रबरी नळी आयएसआय मार्कची हवी आणि पाच वर्षांनी बदलायला हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली की तो जमिनीलगत पसरतो, म्हणजे मुलं जिथे बसून खेळतात त्या उंचीवर. म्हणून सिलेंडर बंद कपाटात नको आणि खेळायच्या खोलीला लागून तर नकोच.

विजेच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर त्यावरचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबा. वीज गेली पाहिजे. नाही गेली तर उपकरण अडकलंय किंवा जोडणी चुकलीय. इलेक्ट्रिशियन येईपर्यंत त्या लाइनवरचं काही चालू ठेवू नका. एक लक्षात असू द्या, या बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही, ते वेगळं मोजून घ्यावं लागतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं तेव्हा खालचे प्लग पाण्यात गेले. जे पॉइंट भिजले होते ते बदलून दीड मीटर उंचीवर घ्या. मुलांच्या बोटांसाठीही तीच उंची बरी.

‘आमच्याकडे आरओ आहे’

पाण्याबद्दल विचारलं की हेच उत्तर मिळतं, आणि इथेच गफलत होते. पिण्याच्या पाण्यात मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा असं भारतीय मानक सांगतं. आरओ हा क्लोरीन काढून टाकतो. त्यामुळे आरओचं पाणी स्टीलच्या पिंपात दोन दिवस राहिलं, त्यात कुणी हात घालून पेला बुडवला, तर जंतूंना अडवायला पाण्यात काहीच उरलेलं नसतं. पिंप रोज संध्याकाळी रिकामं करा, घासा, उपडं ठेवा. पाणी तोटीनेच काढा.

आरओच्या आधीच्या नळावर क्लोरीनचं किट वापरा. थेंब टाकून रंग पाहायचा, दोन मिनिटांचं काम. क्लोरीन शून्य आला तर थेट टाकीत क्लोरीन ओतू नका. आधी थेट नगरपालिकेच्या लाइनचं पाणी तपासा. तिथे क्लोरीन आहे आणि टाकीनंतर नाही, तर दोष टाकीत आहे : गाळ, तडा किंवा उघडं झाकण. बडोद्यात बहुतेक घरांत जमिनीखालची टाकी असते. तिचं तोंड अंगणाच्या पातळीला असेल तर पावसाचं आणि गटाराचं पाणी सरळ आत उतरतं. तोंडाभोवती किमान अर्धा फूट उंच कठडा बांधून घ्या. टाकी साफ करायला माणूस एकटा उतरवू नका. आधी झाकण बराच वेळ उघडं ठेवा, वर दुसरा माणूस उभा हवा.

जंतुनाशकाचं प्रमाणही असंच अंदाजाने चालतं. डायपर बदलायच्या जागेसाठी ५ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचं २० मिलिलिटर द्रावण एक लिटर साध्या पाण्यात घ्या. आधी साबणाने जागा धुवा, मग हे लावून १० मिनिटं ओलं राहू द्या. घाणीवरच ओतलं तर क्लोरीन घाणीतच संपतो. द्रावण रोज सकाळी नवं करा, कालचं फेकून द्या. संडास धुवायच्या अॅसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नका; विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि कुठलंही रसायन शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका. मुलाला ती बाटली सरबताचीच वाटते.

घोडियुं

हा विषय नाजूक आहे, कारण घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या मुलं घोडियात, म्हणजे कापडी झोळीच्या पाळण्यात, वाढली आणि मुलांच्या आयांचाही तोच आग्रह असतो. पण घरी घोडियात एकच बाळ झोपतं आणि आई शेजारी असते. पाळणाघरात सहा घोडी ओळीने टांगलेली आणि एक मावशी. कापडाची झोळी मध्ये खचते, लहान बाळाची हनुवटी छातीला टेकते, श्वासनलिका दबते, आणि आवाज काहीच होत नाही. शिवाय झोका द्यायची दोरी गळ्यापाशी लोंबते. एक वर्षाखालचं बाळ सपाट, टणक गादीवर, पाठीवर झोपवायचं. उशी, दुलई, भरलेली खेळणी काही नको. रडणाऱ्या बाळाला कुणी समोर बसून झोका दिला तर ठीक, झोप लागली की गादीवर. आयांना प्रवेशाच्या दिवशीच हे सांगून टाका.

पाळण्याच्या दोन दांड्यांमधली फट ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. धड सरकतं आणि डोकं अडकतं. झोपेच्या खोलीत मच्छर अगरबत्ती लावू नका. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये चांदीपुरा विषाणूचे रुग्ण सापडले. तो पसरवणारी वाळूमाशी डासापेक्षा लहान असते, साध्या जाळीतून आत येते आणि भिंतींच्या भेगांत, दमट अंधारात राहते. जुन्या घरातल्या भेगा सिमेंटने बुजवणं हा त्यावरचा खरा उपाय.

खोलीत माणूस किती, याचा हिशेबही चुकतो. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक आणि तीन ते सहा वयाच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस सांगितलंय. यात स्वयंपाकीण आणि वॉचमन धरायचे नाहीत. जेवणाच्या सुट्टीतही हे प्रमाण टिकायला हवं, आणि ते तिथेच मोडतं. एक वर्षाखालच्या बाळांसाठी आमच्या मते एकीला तीन-चारच पुरेत.

औषध आणि खाऊ

पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप या दोन वेगळ्या ताकदीच्या गोष्टी आहेत. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं. सिरपमध्ये ५ मिलिलिटरला साधारण १२० ते २५०. आईने फोनवर ‘एक चमचा द्या’ म्हटलं आणि हाती थेंबांची बाटली असली, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातं. म्हणून फोनवरच्या निरोपावर औषध नाही. बाटलीवर मुलाचं नाव, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, मिलिलिटरमधलं प्रमाण, आईची सही. देताना वेळ लिहायची आणि दुसऱ्या बाईने बाटली वाचायची.

खाऊत अख्खी शिंग (शेंगदाणे), चणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं चार वर्षांखाली नकोत. शिंगदाणा श्वासनलिकेत अडकतो. कूट करा, द्राक्षं उभी चिरा. मेच्या उन्हात शिजवलेलं अन्न बाहेर एका तासापेक्षा जास्त ठेवू नका. फ्रिज ५ अंशांखाली आहे का ते आत थर्मामीटर ठेवून पाहा.

कागद

पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) २०२० च्या नियमांप्रमाणे पाळणाघरातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलिस पडताळणी ठरावीक काळाने व्हायला हवी. रजेवरच्या बेनच्या बदली आलेल्या बाईचीही. मुलाला कोण न्यायला येऊ शकतं त्यांची नावं आणि फोटो दाराशी हवेत. यादीत नसलेल्या काकांना, ओळख पटली तरी, आईशी बोलल्याशिवाय मूल देऊ नका. ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघराची सक्ती मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने आली आणि आईला दिवसातून चारदा मुलाकडे जाण्याची मुभाही. मकरपुऱ्याच्या औद्योगिक भागातल्या कंपनीच्या गेटवर ही गोष्ट वॉचमनला माहीत नसेल तर बोट पाळणाघराकडेच दाखवलं जातं.

तपासणीत त्रुटी निघाली तर तोंडी वाद घालू नका. लेखी मागा, कलमवार. जी त्याच दिवशी दुरुस्त होते ती दुरुस्त करून तारखेसह फोटो काढा. जिला गवंडी किंवा इलेक्ट्रिशियन लागतो तिच्यासाठी कामाचा अंदाज जोडून मुदत मागा, आणि काम होईपर्यंत तात्पुरतं काय केलंय तेही लिहा : वरची खोली बंद ठेवली, बाळं खाली आणली, त्या लाइनचा स्विच उतरवला.