घरात जुनी दुनळी सापडली तर

माळवदाच्या जुन्या घरात, कणगीमागे किंवा लाकडी पेटीत चुलत्यांची बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, सापडली, तर ती भरलेलीच आहे असं धरा. चापाला बोट नको, पोरांना आधी बाहेर काढा.

मग परवान्याचं पुस्तक शोधा आणि त्यातला क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी जुळवा. परवानाधारक वारले असतील, तर शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदूक तशीच घरात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्याला आधी कळवा, मग तिथे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. वारसाला परवान्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

पारख विक्रेत्याकडेच करून घ्या. वरचा गंज फार मनावर घेऊ नका. खरी गोष्ट नळीच्या आत असते. तिथे गंजाचे खड्डे, पोचा किंवा फुगवटा दिसतो का? बंद केल्यावर नळ्या हलतात का? बिजागरी ढिली असेल, तर स्वस्तातल्या बंदुकीला दुरुस्ती परवडत नाही. नळीवर पीळ दिल्यासारखी नागमोडी नक्षी असेल, तर आजची काडतुसं तिच्यात अजिबात नकोत. काडतुसाचं घर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, तीही मोजायला सांगा: जुन्यांत ते बऱ्याचदा ६५ मिलिमीटरचं असतं, हल्लीची काडतुसं ७० ची. ती आत बसतात, पण उडवल्यावर दाब धोकादायक वाढू शकतो.