रेडिएशनचा शेक आणि कातडीची तयारी

स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशनचा शेक सुरू व्हायच्या आठवडाभर आधी कपडे बघा. घट्ट ब्लाऊज, तारेची ब्रा, नायलॉन बाजूला. जुन्या सुती ब्लाऊजची काखेतली शिलाई उसवून तो सैल करा. मंगळसूत्र छातीवर रुळत असेल तर काढून ठेवा, वाटीची कड रोज तिथेच घासते. सासूबाईंना वाईट वाटेल, वाटू द्या.

जुन्या मलमलचे आठ-दहा तुकडे फाडून, धुऊन ठेवा. ही गोष्ट हमखास राहते. स्तनाखालच्या घडीत आणि काखेत घाम साचतो, कातडीवर कातडी घासते आणि साल आधी तिथेच सुटते. सोलापूरच्या मे महिन्यात घडीतला तुकडा बघता बघता भिजतो. भिजला की बदला. पावडर नको, घामात तिचे गोळे होतात. स्तन काढला असेल तर काख आणि टाक्यांची रेघ सांभाळा.

आंघोळ कोमट पाण्यानं, साधा साबण. शेकासाठी कातडीवर काढलेल्या खुणा पुसू नका. सोलापुरी टॉवेल पाठीला ठीक, इथं मलमलनं नुसतं टिपायचं. वॅक्स, केस काढायचं क्रीम बंद. विडी-तंबाखू बंद, मिश्रीही त्यातच आली.

बिनवासाचं मॉइश्चरायझर पहिल्या शेकापासून लावा, आग व्हायची वाट बघू नका. मोमेटासोन 0.1 टक्के क्रीमनं त्रास कमी होतो, पण ते स्टेरॉइड आहे, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलं तरच, आणि सोललेल्या जागी कधीच नाही. शेकाला जाण्याआधी जाड थर नको, कातडीवरचा डोस वाढतो. घडीत अगदी पातळ बोट फिरवा, वर मलमल. हळद, टूथपेस्ट, बर्फ, गरम पाण्याची पिशवी, नाही म्हणजे नाही.

सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. काळपटपणा, खाज, कढत लागणं बघा, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. घडी वरून दिसत नाही, रोज हातआरसा खाली धरा.

साल जाऊन ओलं झालं, वास आला, 100.4 फॅरनहाइट ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. कापूस किंवा चिकटपट्टी लावू नका.

पंधरा असोत की पंचवीस, शेक संपल्यावर पुढचा आठवडा-दीड आठवडा सगळ्यात वाईट. तोवर मलमल चालूच. बहुतेकींचं महिनाभरात भरून येतं. उन्हात पदर, वर्षभर तरी.