सिलिकॉनची ट्यूब आधी खाली ठेवा: ओव्हरड्राइव्हच्या गळतीत होणाऱ्या चुका

"मागचं सील बदललं, तरी गळतंच आहे." हे वाक्य इतक्यांदा कानावर आलंय की आता समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी विचारतो, "ब्रीदर बघितला का?" पुढे बहुतेक वेळा शांतता असते.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे बसणारं जोडयुनिट, जे लावलं की त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. लेकॉक डी नॉर्मनव्हिल ओव्हरड्राइव्ह 1948 मध्ये स्टँडर्ड व्हॅनगार्डवर आला आणि पुढे ट्रायम्फ टीआर, ऑस्टिन-हीली, एमजीबी, व्होल्वो अशा कितीतरी गाड्यांच्या गिअरबॉक्समागे बसला. या गाड्यांत गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह सहसा एकच तेल वाटून घेतात. गाडी पळाली की तेल तापतं आणि आतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला ब्रीदरचं एवढंसं भोक असतं. ते चिखलाने बुजतं, किंवा गाडी नव्याने रंगवताना हौसेने त्याच्यावरही रंगाचा हात मारला जातो. मग ती हवा सर्वात कमजोर सीलच्या ओठाखालून तेल बाहेर ढकलते. नवं सील चार दिवस टिकतं आणि पुन्हा जमिनीवर डाग. सीलला शिव्या घालून उपयोग नाही. मी ब्रीदर काढतो, त्याला रबरी नळीचा तुकडा लावतो आणि तोंडाने फुंकतो. फुंकर सहज पार गेली नाही तर केरोसीन आणि बारीक तार. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते आधी करणारा विरळाच.

दुसरी गोष्ट, तेल कुठून येतंय ते न बघताच पाना उचलू नका. गाडी धावताना वारा तेलाला मागे ढकलतो, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथेच गळती असेल असं नाही. इंजिनच्या मागच्या टोकाची गळती बेलहाउसिंगमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं क्लचचं आवरण) ओघळून थेट ओव्हरड्राइव्हच्या पोटाला लागते. मी स्वतः एकदा प्रोपेलर शाफ्ट उतरवून, फ्लँज ओढून, सील बदलून बसलो होतो. तेल येत होतं स्पीडोमीटर केबलच्या काटकोनी ड्राइव्हमधून, बोटाएवढ्या जागेतून. आता आधी सगळं केसिंग धुतो, कोरडं करतो आणि वरून टाल्कम पावडर भुरभुरवतो. थोडं फिरवून आणायचं, टॉर्च घेऊन खाली शिरायचं. पांढऱ्यावर ओला माग दिसतो, आणि त्याचं वरचं टोक तुमचा गुन्हेगार. एमजीबीसारख्या गाडीत इंजिनात आणि गिअरबॉक्समध्ये एकाच जातीचं तेल असतं, त्यामुळे वास घेऊन काही कळत नाही. तिथे चमकणारा रंग तेलात टाकून अतिनील दिव्याखाली बघा. आणि गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, स्टँड लावायचेच.

आता ट्यूबबद्दल. गळती म्हटली की घाईत असलेला माणूस सिलिकॉनची ट्यूब काढतो आणि केकवर क्रीम घालावं तसा जाड किडा पिळतो. बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही जातं, हे त्याच्या गावीही नसतं.

ओळखीतल्या एकाकडे टीआर होती, ए टाइप (लेकॉकचा जुना प्रकार) ओव्हरड्राइव्हची. वरच्या ऑपरेटिंग व्हॉल्व्हच्या प्लगखालून तेल झिरपत होतं. नवा तांब्याचा वॉशर आणायचा कंटाळा, म्हणून जुन्याच वॉशरवर सिलिकॉन. गळती थांबली आणि पठ्ठ्या तीन आठवडे सगळ्यांना ती जागा दाखवत फिरला. मग एक दिवस म्हणाला की स्विच बंद केला तरी इंजिनचे आवर्तन चढत नाहीत, ओव्हरड्राइव्ह सुटतच नाही. मी बघायला गेलो. गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. खालून उजेड मिळेना, म्हणून मीच म्हणालो, "जरा मागे घे." त्याने रिव्हर्स टाकला, क्लच सोडला. आतून आधी कट्ट, मग खरवडल्यासारखा आवाज आला आणि गाडी जागच्या जागी अडली.

उघडल्यावर कळलं. व्हॉल्व्हची दांडी पोकळ असते आणि तिच्या बाजूला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. ओव्हरड्राइव्ह बंद केला की दाबाखालचं तेल त्या भोकातून निसटतं आणि ओव्हरड्राइव्ह लावणारा शंकूच्या आकाराचा कोन क्लच मागे येतो. त्या भोकात तिळाएवढा रबरी तुकडा बसला होता. पंपाच्या तोंडाशी जाळी असते खरी, पण हा माल जाळीच्या पुढेच, थेट वरून पडलेला. दाब अडकला, ओव्हरड्राइव्ह लागलेलाच राहिला आणि वर रिव्हर्स. पुढे जाताना बाहेरचा शाफ्ट आतल्यापेक्षा जोरात फिरतो, म्हणून एकाच दिशेने पकडणारा रोलर क्लच मोकळा असतो. मागे जाताना तोच क्लच पकडतो, आणि एपिसायक्लिक गिअर (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात ती जोडणी) मात्र वेगळ्या गतीसाठी अडून बसतो. दोघांच्या भांडणात रोलर आणि पिंजऱ्याचा चुरा झाला. वॉशरऐवजी अख्खा ओव्हरड्राइव्ह उतरवावा लागला. त्यात माझा "जरा मागे घे" आहेच, नाकारत नाही.

तेव्हापासून ओव्हरड्राइव्ह सुटतोय अशी खात्री नसेल तर गाडी मागे घ्यायची नाही. माणसं बोलवून न्यूट्रलमध्ये ढकलायची असेल तरी पुढेच ढकला, मागे नाही. सिलिकॉन मात्र मी या युनिटच्या आसपास येऊ देत नाही. कागदी गास्केट, स्वच्छ पृष्ठभाग, दोन्ही बाजूंना ग्रीसचा पुसट हात, बस. तांब्याचा वॉशर नवा नसेल तर तो लाल होईपर्यंत तापवतो आणि पाण्यात टाकतो. मऊ होतो आणि पुन्हा बसतो. अपवाद एकच, मागच्या फ्लँजच्या आतले स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या दातेरी खाचा. तेल कधीकधी सीलला वळसा घालून स्प्लाइनमधून नटाखाली येतं. तिथे न वाळणारं सीलंट बोटाच्या टोकाने लावतो, तेही नटाच्या वॉशरखाली.

प्लग उघडण्याआधी दाब काढायला विसरू नका. आत प्रकारानुसार 400-500 पीएसआयच्या घरातला दाब तयार होतो. इंजिन बंद, इग्निशन चालू, टॉप गिअर टाकलेला, आणि ओव्हरड्राइव्हचा स्विच दहा-बारा वेळा चालू-बंद. हे न करता प्लग फिरवणाऱ्याने निदान चेहरा तरी बाजूला ठेवावा.

सील बदलताना फ्लँजवरून नख फिरवून बघा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे आणि नवं सील तिथेच गळणार. त्यावर पातळ स्लीव्ह चढवा किंवा सील थोडं पुढेमागे बसवा. सीलचा ओठ तेलाने ओला करूनच बसवायचा, कोरडा नाही.

जे टाइप (लेकॉकचा नंतरचा प्रकार) ओव्हरड्राइव्हचा सोलेनॉइड, म्हणजे स्विच दाबल्यावर विजेवर व्हॉल्व्ह हलवणारा भाग, पाइप रेंचने पकडून फिरवणारे लोक मी बघितलेत. अंग चेपतं आणि सोलेनॉइड जातो. त्याच्या षटकोनी भागासाठी 1 इंचाचा पातळ पाना लागतो, नसेल तर जाड पाना ग्राइंडरवर घासून पातळ करा. त्याची ओ-रिंगही नवीनच घाला.

अॅल्युमिनियमच्या केसिंगवर जोर दाखवू नका. आटे गेले की गळतीपेक्षा मोठं दुखणं. सम्पचं झाकण जास्त आवळलं तर ते वाकतं आणि आधी नव्हती ती गळती सुरू होते.

गळती थांबवणारं औषध तेलात ओतायचं नाही, जाड तेलाने वेळ मारून न्यायची नाही, आणि जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल हातात आलं तर परत ठेवा. गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवत नाही. घर्षण कमी करणारं मिश्रणही नको. कोन क्लचला घर्षणच हवं असतं.

तेल काढण्याआधी भरण्याचा प्लग सुटतो का बघा, नाहीतर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल. नव्याने भरल्यावर लेव्हल बरोबर दिसली म्हणून घरात जाऊ नका. थोडं फिरवून आणा, दोन-तीनदा ओव्हरड्राइव्ह लावा, गाडी सपाट जागी उभी करून पुन्हा बघा. युनिट आपल्या वाट्याचं तेल ओढून घेतो, लेव्हल उतरते. पुन्हा भरा, पण काठोकाठ नको. जास्तीचं तेल स्वतःच वाट शोधतं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा पावडरचा डबा शोधत असता.