आफ्टरस्कूलचा निधी वाचवायचा असेल तर

इथे अमेरिकेत शाळा सुटते तीनच्या सुमाराला आणि माझं ऑफिस पाचनंतर. मधले तास आफ्टरस्कूलवाले सांभाळतात. हे गृहीतच धरलं होतं मी, मुलीच्या दप्तरात ‘निधीअभावी पुढच्या वर्षी वर्ग होतील याची खात्री नाही’ अशी चिठ्ठी सापडेपर्यंत.

सगळ्यात आधी पैसा कुठून येतो ते आफ्टरस्कूलच्या कोऑर्डिनेटरला विचारा. मी पहिले दोन आठवडे प्रिन्सिपॉलबाईंशी वाद घालण्यात घालवले, आणि त्यांच्या हातात काहीच नव्हतं. केंद्र सरकारचा मुख्य निधी ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी कम्युनिटी लर्निंग सेंटर्स’ या नावाने येतो, वर्षाला साधारण १३० कोटी डॉलर, राज्याच्या शिक्षण खात्यामार्फत. तो काँग्रेस, म्हणजे इथली संसद, ठरवते. कुठे राज्याचा पैसा असतो (कॅलिफोर्नियात २००२ साली मतदारांनी प्रॉपोझिशन ४९ हा प्रस्ताव मंजूर केला, तो यासाठीच), कुठे शहराचा. तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे, त्याचंच दार वाजवायचं.

मोहिमेचं काम पालकांनी अंगावर घ्यावं. केंद्राच्या अनुदानातून पगार घेणाऱ्यांना त्या वेळेत लॉबिंग करता येत नाही. शिक्षिकेला पत्रकं वाटायला लावून तिला अडचणीत आणू नका.

आता फोन. कॅपिटॉलचा, म्हणजे संसद भवनाचा, स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१. तिथून आपल्या सेनेटरचं किंवा हाउसमधल्या (कनिष्ठ सभागृहातल्या) प्रतिनिधीचं ऑफिस जोडून देतात. आपल्याकडचे बरेच जण म्हणतात, ‘आम्ही एच-वन व्हिसावर, मतदार नाही, आमचं कोण ऐकणार?’ अहो, तुम्ही त्या मतदारसंघात राहता ना? जनगणनेत तुमचं डोकं मोजूनच हाउसच्या जागा राज्यांना वाटल्या जातात. मला झिप कोड विचारला, पासपोर्ट कुणी विचारला नाही. मी एवढंच बोलले: “मी अमुक भागात राहते. माझी मुलगी आफ्टरस्कूलला जाते. तो बंद झाला तर मला अर्धवेळ नोकरी करावी लागेल. शिक्षण खात्याच्या बजेटमध्ये ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरीचा निधी कापू नका.” एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

स्कूल बोर्डाच्या सभेत मात्र फजिती झाली. दोन मिनिटं मिळतात, त्यातलं दीड मी ‘मुलांचं भवितव्य’ या विषयावर घालवलं आणि मागणीवर येईपर्यंत माइक बंद. पुढच्या वेळी मागणी पहिल्या वाक्यात, मग एकच प्रसंग. घरी मोबाइलवर घड्याळ लावून तीनदा वाचून पाहिलं.

पालकांच्या सह्या हव्यातच, पण पालक तर बोलणारच, हे समोरच्यालाही ठाऊक असतं. ज्यांची मुलं तिथे नाहीत अशी माणसं आणा. आमच्यातल्या एका नर्सने आपल्या सुपरवायझरकडून चार ओळींचं पत्र आणलं: वर्ग बंद झाले तर सहा जणींच्या शिफ्ट बदलाव्या लागतील. त्या कागदावर जितके प्रश्न आले तितके आमच्या सह्यांच्या गठ्ठ्यावर आले नाहीत. आणि दोन्ही पक्षांकडे जा. २०२५ च्या जुलैत ट्रम्प प्रशासनाने हा केंद्राचा निधी अडवून धरला, तेव्हा दहा रिपब्लिकन सेनेटरांनीही पैसे सोडा म्हणून पत्र लिहिलं. त्याच महिन्यात तो सुटला.

वेळेचं गणितही सांभाळा. केंद्राचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे सप्टेंबरात जागं होऊन फार काही हाती लागत नाही. वसंतापासूनच लागा.

ऑक्टोबरात देशभर ‘लाइट्स ऑन आफ्टरस्कूल’ साजरा होतो, त्या निमित्ताने नगरसेवकांना बोलवता येतं. मला स्वतःला साधा मंगळवार आवडतो. सजावट नको, मुलांची भाषणं तर नकोच. साडेचारला या म्हणावं, आणि काही ना काही निमित्त काढून त्यांना सहापर्यंत थांबवून घ्या. पावणेसहाला ऑफिसचा बिल्ला गळ्यात तसाच लटकवून, धापा टाकत आत येणारे आईबाप त्यांना दारातच भेटतात.