जर्क मिळत नाही? हातोडी नाही, आधी मांडी तपासा

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुठल्याही मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला फिजिओलॉजीच्या प्रॅक्टिकलला हातोडी हातात येते. नी जर्कची, म्हणजे गुडघ्याखाली ठोका मारल्यावर पाय आपोआप उडण्याची, आकृती सगळ्यांना पाठ असते, पण टेबलावर बसलेल्या मित्राचा पाय काही हलत नाही.

आधी वाट समजून घ्या. गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्यावर) ठोका पडला की मांडीच्या पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, क्षणभर ताणला जातो. त्यातले मसल स्पिंडल, म्हणजे ताण ओळखणारे संवेदक, हा ताण टिपतात आणि संदेश मज्जारज्जूत, मुख्यतः कमरेच्या एल ३-एल ४ पातळीवर जातो. तिथे एकच सायनॅप्स (दोन चेतापेशींमधला सांधा), आणि परतीचा हुकूम त्याच स्नायूला: आवळ. मांडीच्या मागच्या स्नायूंना, हॅमस्ट्रिंगला, मात्र मधल्या एका न्यूरॉनमार्फत (चेतापेशीमार्फत) थांबवलं जातं, म्हणून पाय अडखळत नाही. हे सगळं साधारण २० ते ३० मिलिसेकंदांत होतं. ठोका बसल्याचं मेंदूला कळेपर्यंत स्नायू आवळलेला असतो.

मेंदू या वाटेवर नाही, पण वरून लगाम त्याच्याच हातात आहे. गडबड इथेच होते. मित्र हातोडीकडे टक लावून बघतो, पाय नकळत धरून ठेवतो. डिसेंबरात सकाळच्या बॅचला तर थंडीनेच अंग आखडलेलं असतं. म्हणून पाय अधांतरी लोंबकळू द्या, डावा तळहात त्याच्या मांडीवर ठेवा. स्नायू कडक लागला तर ठोका मारूच नका, गप्पा मारा.

वाटीची खालची कड बोटाने चाचपा; तिच्या खालचा जाड पट्टा म्हणजे टेंडन. हाडावर मारलंत तर फक्त दुखेल. हातोडी दांड्याच्या टोकाकडे सैल धरा, मनगटातून पडू द्या, दाबून ठेवू नका. आणि नजर पावलावर नको, मांडीवर हवी. पाय उडाला नाही तरी क्वाड्रिसेप्स आवळलेला हाताला कळतो, आणि तेवढंही उत्तरच आहे.

तरीही काही नाही? मग जेंड्रासिक, म्हणजे जर्क ठळक करायची युक्ती. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत आकड्यासारखी अडकवायला सांगा, 'ओढ' म्हणा आणि त्याच क्षणी ठोका द्या. आधीपासून ओढायला लावलं तर परिणाम काही सेकंदांत ओसरतो. हाताचे जर्क काढताना याऐवजी दात आवळायला सांगतात.

दुसरी बाजू तपासल्याशिवाय श्रेणी लिहू नका. ० म्हणजे नाही, २+ नेहमीसारखा, ४+ म्हणजे क्लोनससह (स्नायू लयीत पुन्हा पुन्हा आवळत राहतो). १+ (मंद) किंवा ३+ (जोरदार) दोन्हीकडे सारखा असेल तर बहुधा तो त्या माणसाचा स्वभाव. खरी शंका घ्यायची ती दोन बाजूंतल्या फरकावर. जेंड्रासिक करून मिळाला असेल, तर जर्नलमध्ये तेही नोंदवा.